रुळाचा व्हाळ

८ ऑक्टोबर, बुधवार

वही मनस्वीनं आणून दिली. कव्हरवर मांजरं आहेत. दुकानात दुसरी नव्हती म्हणे.

रेल्वेच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, रोज लिहा, मनात येईल ते लिहा, कोणाला दाखवू नका. मी म्हटलं, मॅडम, मी मालगाडीचा लोको पायलट, आमच्याकडे लिहायचं म्हणजे वेळ आणि सही. त्या हसल्या नाहीत.

तर, जयदेव कोळी. मूळ गाव दिवाळे, राहणार खांदेश्वर. घरी बायको हेतल आणि मुलगी मनस्वी, ती कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात माझ्या इंजिनासमोर एक माणूस आला. तेव्हापासून रजेवर. चौकशी झाली, माझ्याकडं चूक निघाली नाही. जेवण जातं. गोळी घेतली की झोप येते. मी ठीक आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

घरात बसून माणूस लोणच्यासारखा मुरतो.

हेतल नेरूळला एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. तिनंही रजा टाकली आहे. दिवाळीची साफसफाई म्हणते, पण साफसफाई काही दिसत नाही. मी हॉलमध्ये असलो की हॉलमध्ये, बाल्कनीत गेलो की बाल्कनीत. बाथरूमची आतली कडी निघाली आहे. मी बसवतो म्हटलं तर म्हणाली राहू दे, नवीन आणायचीय. झोपेच्या गोळ्यांची पट्टी ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवते आणि रोज एक काढून हातावर देते, लहान मुलाला द्यावी तशी. म्हणते तुमी विसराल. इतक्या वर्षांत मी एक सिग्नल विसरलो नाही.

तिच्या जिवाला काहीतरी घोर लागलाय. विचारलं तर सांगत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज बऱ्याच दिवसांनी काहीतरी बघितलं.

निशांतला भेटायला तुर्भ्याला गेलो होतो. निशांत माझा असिस्टंट, त्या दिवशी इंजिनात माझ्या शेजारी बसलेला. स्कूटरची चावी दोन दिवस सापडत नाहीये, म्हणून बसनं गेलो. उतरलो तर हा पोरगा थांब्यावरच उभा. हेतलनं फोन केला होता. चहा घेतला. तो पुन्हा ड्यूटीवर लागलाय. लग्नाचं बोलला, क्रिकेटचं बोलला, त्या दिवसाचं बोलला नाही. मीही नाही. मला बसमध्ये बसवूनच जाणार म्हणत होता, पण त्याची ड्यूटी होती. मी त्याला पिटाळलं.

थांब्याकडं येताना ट्रकांच्या पार्किंगमागून वाट काढत होतो. ऑइलनं काळ्या झालेल्या काँक्रीटमध्ये लोखंडाच्या दोन पट्ट्या दिसल्या. आधी गटाराची जाळी वाटली. मग पाय आपोआप थांबले. रूळ होता तो. नॅरो गेज, इतका अरुंद की दोन्हीवर एकेक पाय ठेवून मला उभं राहता आलं. एक टोक कंपाउंडच्या भिंतीखाली गडप झालेलं. दुसरं डोंगराकडं.

मी त्याच्या मागं गेलो. गॅरेजच्या खालून, भंगारवाल्याच्या शेडमधून, एका मंदिराच्या ओट्याला लागून. कुठं दिसे, कुठं डांबराखाली जाई, पण वळण कुठं असणार ते मला कळत होतं. रूळ काटकोनात वळत नाही. तो कुठं बुडाला की डोळ्यानं ते वळण पुढं ओढायचं, तिथंच पुन्हा वर येतो. शेवटच्या इमारतीपाशी खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. गोटीराम नाव, इमारत त्याचीच. त्याला विचारलं हा रूळ कुठं जातो. तो म्हणाला, “डोंगरान जातं. आमी त्याला रुलाचा व्हाल बोलतो. तिकरं काय नाय हाय. पानी हाय नि दगर हाय.” कोणी बांधला, कधी बंद पडला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या आज्यानं म्हणे लहानपणी इंजिन बघितलं होतं, बैलाएवढं.

इमारतीमागं झुडपं आणि त्यांच्या वर डोंगर. डोंगराला सुरीनं काप द्यावा तशी घळ. रूळ सरळ त्या कापात शिरत होता. ह्या पट्ट्यातून मी इतकी वर्षं गाड्या नेल्या आणि मला ह्याचा पत्ता नव्हता.

जेवताना दोघींना सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं बहुतेक. हेतल माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी हेतल अंघोळीला गेली तेव्हा निघालो. दारावर चिठ्ठी वगैरे काही लावली नाही. जाऊन यायचं तर होतं.

ऊन तापायच्या आत घळीच्या तोंडाशी होतो. आत पाय टाकला आणि ट्रकांचे हॉर्न बंद झाले. कमी नाही झाले, बंद झाले. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर आभाळाची चिंधी. मधून व्हाळ, डोंगरातला ओढा. पाऊस संपलाय पण डोंगर अजून पाझरतोय, पाणी पोटरीपर्यंत आणि बर्फासारखं. आणि पाण्याच्या कडेनं, कातळात दोन-तीन हात रुंद फळी कोरून काढलेली, तिच्यावर रूळ. रुळाखालचे आडवे लोखंडी स्लीपर गंजून तांबडे झालेत, पण जागेवर आहेत. फटीफटीतून तेरडा फुललेला, गुलाबी.

मी रेल्वेतला माणूस. बघितल्याबरोबर चढ मोजला. असा चढ आमच्या लाइनवर कोणी मंजूर करणार नाही. म्हणजे वर दगडाची खाण असणार, रिकाम्या वॅगनी वर ओढायच्या आणि दगडानं भरलेल्या ह्याच वाटेनं खाली सोडायच्या, हातब्रेकवर. प्रत्येक दोन-तीन वॅगनींमागं एक माणूस चाक आवळत उभा असणार. खाली पाणी, डोक्यावर कातळ, पाठीमागं दगडाचं ओझं. त्यांची नावं कुठं नाहीत. रूळ मात्र आहे. मी टोपी काढली. का ते माहीत नाही, पण काढली.

पुढं दरड आलेली होती, तिथून मागं फिरलो. मोबाइलला आत रेंज नव्हती. बाहेर आल्यावर तो वाजतच सुटला.

घरी आलो तर दार सताड उघडं. हेतल जमिनीवर बसलेली, मनस्वी रडून सुजलेली, शेजारचे दोघं-तिघं उभे. निशांत स्टेशनवर जाऊन आला होता. कोणत्या स्टेशनवर आणि कशाला, ते विचारलं तर कोणी बोलेना. दिवसाढवळ्या चार तास माणूस बाहेर गेला तर एवढं? हेतल ओरडलीसुद्धा नाही. उठली, माझे ओले बूट काढले आणि उन्हात ठेवले. मग एकच बोलली, “यापुढं एकटं जायचं नाय. मनू येईल.”

१९ ऑक्टोबर, रविवार

मनस्वीला घेऊन गेलो. तिला आतापर्यंत मॉलच्या पलीकडं चालायची आवड नव्हती. फोटो काढायचे असतील. आजकाल पोरांना असल्या जागा लागतात.

गोटीरामनं दोन काठ्या दिल्या आणि परत आणून द्या म्हणून बजावलं. त्याची बायको गोजरा, तिनं मनूच्या हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी कोंबली. कोळ्याची पोर म्हटल्यावर सुकट आवडेल का ते तिला विचारावं लागलं नाही.

दरडीवरून चढून पलीकडं उतरलो. तिथं घळ अरुंद होते, हात पसरले तर दोन्ही कातळ लागतील की काय असं वाटतं. कोणीतरी शीळ घालत होतं. अगदी माणसासारखी, एखादा माणूस काम करता करता अर्धवट चाल आठवून वाजवतो तशी. आम्ही दोघं थांबलो. मी हाक मारली. शीळ थांबली, मग जरा वरून पुन्हा सुरू झाली. मनूनं दाखवलं, काळानिळा पक्षी, ओल्या दगडावर बसलेला, कपाळावर निळी चमक. शीळ कस्तूर, ती म्हणाली. मोबाइलवर नाही बघितलं, तिला माहीत होतं. शाळेच्या सहलीत कोणी सांगितलं होतं म्हणे. मुलीला काय काय माहीत असतं आणि बाप ड्यूटीवर असतो.

त्याच्या पुढं उंबर. असलं झाड मी बघितलेलं नाही. कधीतरी रुळाच्या कडेला उगवलं असेल बोटाएवढं. वाढता वाढता त्यानं रूळ खोडात घेतला. एका बाजूनं लोखंड खोडात शिरतं, दुसऱ्या बाजूनं निघतं, आणि साल त्याच्याभोवती ओठ मिटावेत तशी मिटलेली. रूळ जमिनीपासून वीतभर वर उचललाय झाडानं. शंभर टनाचं इंजिन ज्याला हलवू शकत नाही ते ह्यानं घाई न करता उचललं. मी खोडाला हात लावून उभा राहिलो. मनूनं फोटो काढला नाही. ती माझ्याकडं बघत होती.

चालताना ती सतत पाण्याच्या बाजूला राहते, मला कातळाच्या बाजूला ढकलते. म्हटलं तुला पोहता येतं म्हणून शहाणपणा नको. म्हणाली बरं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. खालच्या मुलांनी मोठा बार लावला आणि माझ्या हातातून ताट पडलं. हेतलनं बत्तासे गोळा केले.

रात्री गोळी न घेता झोपायचा प्रयत्न केला. नको होता करायला.

२ नोव्हेंबर, रविवार

मध्ये मनूची परीक्षा होती. आज गेलो. उंबराच्या पुढं, दोन वळणं घेऊन, बोगदा आहे.

गोटीरामनं बोगद्याचं काही सांगितलं नव्हतं. त्यालाही माहीत नसणार. घळ एकदम कातळाला भिडते, पाणी डावीकडच्या कड्यावरून खाली येतं आणि रूळ पाण्याला सोडून सरळ डोंगरात घुसतो. तोंडाला घडीव दगडांची कमान. एक दगड हललेला नाही. आमच्या मोठ्या बोगद्यांसमोर हे खेळणं, पण ह्यावर कोणी घर सोडून कित्येक महिने घालवले असणार. कमानीच्या मधल्या दगडावर नुसतं एक फूल कोरलंय. नाव नाही, साल नाही. खाणीच्या दगडाच्या वॅगनी जायच्या तिथं फूल कोणासाठी? जाणाऱ्या गाडीतून ते दिसणारसुद्धा नाही.

मी आत गेलो. दहा-पंधरा पावलं गेलो असेन. पलीकडच्या टोकाला उजेड होता, गोल, पांढरा. आणि मी रुळांच्या मध्ये उभा होतो, त्याच्याकडं तोंड करून.

पुढं पाय उचलेना. मी नेहमी त्या उजेडाच्या मागं बसलेला असतो. समोरून तो कसा दिसतो ते मला कधी माहीत नव्हतं.

खाली बसलो. मनू धावत आली. मला वाटलं उठवेल, पाणी देईल, चल घरी म्हणेल. ती माझ्या शेजारी स्लीपरवर बसली. मी हात रुळावर ठेवला होता. चालू लाइनचा रूळ पूर्ण गप्प असा क्वचितच असतो, लांब कुठं गाडी असली तरी तो हाताला सांगतो. हा गार होता. काही येत नव्हतं, काही येणार नव्हतं. हे मला पटायला वेळ लागला. ती थांबली.

मग तिनं विचारलं, “पप्पा, तो माणूस कसा होता?”

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी वेग विचारला, ब्रेक कुठं लावला ते विचारलं. पोलिसांनी वेळ विचारली. दवाखान्यातल्या बाईंनी मला कसं वाटतं ते विचारलं. माणूस कसा होता, ते कोणी नाही.

मी सांगितलं. ते उद्या लिहीन.

३ नोव्हेंबर, सोमवार

तिला सांगितलं ते असं.

डोंगर कापून काढलेलं कटिंग संपून वळण लागतं, तिथं तो होता. साधारण माझ्याच वयाचा. रुळांच्या मध्ये, पाठ आमच्याकडं. मी हॉर्न धरून ठेवला, निशांत ओरडला, मी इमर्जन्सी ब्रेक लावला. भरलेली मालगाडी. ती थांबते, पण तिच्या वेळानं थांबते. त्यानं मान वळवली. घाबरलेला नव्हता. दारावर कोणी आलं की आपण बघतो ना, कोण आहे म्हणून, तसं बघितलं. माझ्याकडंच बघितलं. काचेतून मी त्याला दिसलो असणार.

त्याच्या शर्टाला इस्त्री होती. बाहीची घडी दिसत होती. मला रोज तेच आठवतं. सकाळी कोणीतरी ती इस्त्री केली असेल. त्यानं स्वतः केली असेल तर आणखी वाईट.

मनूला एवढं सांगून झालं. आत पाकोळ्यांची घरटी आहेत, त्या डोक्यावरून ये-जा करत होत्या. मग ती म्हणाली, “आणि तुला… तुला पण कधी…” आणि थांबली. मला कळेना मला काय कधी. मी म्हटलं, मला काय? मला ह्या बोगद्याच्या पलीकडं पूल आहे का ते बघायचंय. ती हसायला लागली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतकी रडली की पाकोळ्या बाहेर गेल्या. ह्या वयाच्या मुलींचं काही कळत नाही.

मग आम्ही बोगद्यातून पलीकडं गेलो. ती पुढं, मी मागं, तिचा हात धरून.

पूल आहे. म्हणजे होता. खाली व्हाळाची खोल दरी, तिच्यात घडीव दगडांचे तीन खांब उभे, देवळाच्या दीपमाळांसारखे, आणि त्यांच्यावर काहीच नाही. तुळया कोणी काढून नेल्या असतील. नुसते दोन रूळ ह्या काठापासून त्या काठापर्यंत हवेत लोंबताहेत, त्यांना अडकलेले चार-दोन स्लीपर, दोरीची शिडी आडवी टांगावी तसे. वारा आला की हलतात. त्याच्यावर वानरांची टोळी बसली होती. आमच्याकडं बघून एक पिलू रुळावरून चालत पलीकडं गेलं, आरामात. त्या दिवसाची एकच गाडी.

पलीकडं डोंगराचा माथा दिसत होता. त्या बाजूला उतरून चढायला वेळ नव्हता.

घरी आल्यावर मनू आईला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं हेतल बाहेर आली, तिनं चहा केला, आणि कपासोबत स्कूटरची चावी टेबलावर ठेवली. म्हणाली सापडली. कुठं सापडली ते मी विचारलं नाही, मला चहा हवा होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात बोलावलं होतं. साहेब चांगले वागले. म्हणाले, कोळी, मेडिकल झालं की दोन वाटा आहेत. लाइनवर परत यायचं असेल तर आधी दुसऱ्या पायलटसोबत बसायचं, मग स्वतंत्र. नको असेल तर ऑफिसात टेबल देतो, त्यात कमीपणा नाही, पुष्कळांनी घेतलंय. चोवीस तारखेला सांगायचं.

हेतलला विचारलं. ती म्हणाली, तुमी घरी येनार ते चालेल, कुठूनही या. तिचं घाईत बोलणं असं होतं, मग ण राहत नाही, दिवाळे गावचं येतं. ती म्हणे, मला मालगाडी नको, टेबल नको, मला तुमी पायजे. मी म्हटलं मी कुठं चाललोय?

ती म्हणाली, तो तुमचा रूळ मला दाखवा.

टेबल घ्यावं असं वाटतं. खुर्ची, पंखा, ठरलेली वेळ. नको म्हणायला काही कारण सुचत नाही. तरी हो म्हणवत नाही. बोटांना ब्रेकच्या हँडलची सवय आहे आणि त्या हँडलचीच भीती वाटते. दोन्ही एकाच हाताला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आता संध्याकाळ झाली आहे, पाय ठणकताहेत आणि हे आजच लिहायला हवं.

तिघं गेलो. तेरडा सुकला, पाणी घोट्यावर आलंय. हेतल माझ्या मागोमाग चालत होती. उंबरापाशी तिनं हात जोडले. बोगद्यात मनूनं तिला तो स्लीपर दाखवला जिथं आम्ही बसलो होतो. हेतल त्यावर बसली, जरा वेळ नुसती बसली, आणि मग उठून पुढं झाली.

पुलाच्या दरीत उतरलो. वरून खांब उंच वाटले होते, खालून बघितल्यावर मान दुखली. पायथ्याला व्हाळानं दगड धुऊन आरशासारखा केलाय, पण सांधा कुठं सुटलेला नाही. चुन्यात एक बोट शिरत नाही. पलीकडची चढण कठीण होती. वाळलेलं गवत पायाखाली सरकत होतं, मी वरून हात देत होतो, हेतल धापा टाकत होती. तिनं एकदाही परत जाऊ म्हटलं नाही.

माथ्यावर पोचलो.

खाण तिथं होती. डोंगराचं आख्खं टाळकं कापून नेलेलं, पायऱ्यापायऱ्यांनी, आणि त्या खड्ड्यात पाणी. तळं म्हणायला लाज वाटावी एवढं मोठं. वारा तिथं पोचत नाही, पाणी हलत नाही, त्यात आभाळ सगळंच्या सगळं उतरलेलं. आणि आमचा रूळ, इथवर आणणारा तो रूळ, कातळावरून सरळ खाली गेला आणि पाण्यात शिरला. थांबला नाही. पाणी इतकं नितळ की तो पुढं दिसत होता, स्लीपर, रूळ, स्लीपर, खाली खाली जाणारा, आधी तांबडा, मग हिरवा, मग निळा, मग दिसेनासा. त्याच्यावरून लहान मासे जात होते. डोंगराच्या माथ्यावर मासे. आम्ही खाडीची माणसं, पण हे कोणाला सांगितलं तर हसतील.

मला वाटलं, ह्या शहरातली अर्धी घरं, रस्ते, स्टेशनं असल्याच दगडांवर उभी असतील. डोंगर खाली गेला आणि माणसं त्यात राहायला लागली. आणि इथं जी जागा रिकामी झाली तिच्यात पाऊस येऊन बसला. कोणी बोलावलं नाही, कोणी हिशेब केला नाही. मी कितीतरी वेळ काठावर उभा होतो. हेतलनं मागून माझा शर्ट मुठीत धरला होता. तिला उंचीची भीती आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. म्हटलं, मी इथंच आहे, पडत नाही. ती म्हणाली, माहीताय. पण मूठ सोडली नाही.

तळ्याला वळसा घालून पूर्वेच्या कडेला गेलो. तिथं डोंगर संपतो. खाली तळोज्याकडचं सगळं खोरं, कारखाने, इमारती, हिरवे-पिवळे तुकडे, आणि त्यांच्यामधून एक सरळ रेघ. दिवा-पनवेल लाइन. माझा सेक्शन. वरून मी तो कधी बघितला नव्हता. केवढासा दिसतो.

भाकरी खाल्ली. ऊन कलायला लागलं. आणि दिवा स्टेशनच्या बाजूनं एक गाडी आली.

कंटेनरची मालगाडी होती, लांबलचक. एवढ्या दुरून आवाज नव्हता, नुसती सरकत होती. हेतलनं विचारलं, आता तो काय करतोय आत? मी सांगायला लागलो. आता त्यानं पॉवर बंद केली असेल, पुढं वळण आहे. आता असिस्टंट सिग्नलचा रंग मोठ्यानं म्हणतोय आणि हा परत म्हणतोय, दोघांनी बोलायचं असतं. आता फाटक येईल, आता हॉर्न देईल. आणि खरंच, जरा वेळानं हॉर्न आला, बारीक, उशिरा पोचलेला, पण आला. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता. मला मागची सगळी वॅगनन् वॅगन कमरेत जाणवत होती, तशी ती चालवताना जाणवते. ते सगळं तो एकटा नेत होता, एवढंसं इंजिन, सगळ्या खोऱ्यातून.

मी उभा राहिलो आणि उजवा हात वर केला, तळवा उघडा, आणि सावकाश डावीउजवीकडं हलवला. एक गाडी दुसरीजवळून जाते तेव्हा आम्ही असा हात दाखवतो. गाडी नीट चाललीय, तुझ्या मागं सगळं ठीक आहे, पुढं जा, एवढा त्याचा अर्थ.

हेतल म्हणाली, “त्याला दिसलं असेल काय?”

“नाही.”

“मग?”

मी म्हटलं, “तरी दाखवायचा असतो.”

उद्या ऑफिसात जाऊन सांगणार, लाइनवर घ्या. आधी दुसऱ्यासोबत बसेन, जितके दिवस बसावं लागेल तेवढे बसेन. तो माणूस मला त्या वळणावर दर वेळी दिसेल. दिसू दे. मी हॉर्न देईन.

तिथं हे सगळं बोललो नाही. तिथं मनू उठून माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही हात वर केला, चुकीचा, डावा. मग हेतलनं शर्टाची मूठ सोडली आणि तिचा हात वर गेला. आम्ही तिघं तसे उभे होतो. गाडी जायला फार वेळ लागला. मालगाडी लांब असते.